वर उचललेला हात

टेम्पोचं फळकूट खाली टेकलं तेव्हा ती आतल्या कोपऱ्यात शेपूट मांड्यांत घट्ट दाबून उभी होती. अंगावर घामाचा फेस आणि डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसत होतं. खांद्याशी उंची ५२ इंच, दातांवरून वय आठ-नऊ वर्षांचं. जुनी माणसं तट्टाच्या मादीला तट्टाणी म्हणतात. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना पांढुरके वण होते. ते काटेरी लगामाचे. तोंडात काटे टोचणारा लगाम वापरायला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो ठरवलेली आहे. नवरदेव, खोगीर, जरीचा साज आणि पुढ्यात बसवलेलं एखादं पोर यांचं वजन कुणीही मनातल्या मनात करून पाहावं.

तिच्या कपाळावर माशा बसल्या होत्या. त्या हाकलायला मी हात वर केला. ती अशी मागे फेकली गेली, की पुठ्ठ्यांवरच बसली. माझा हात तिच्यापासून चार हात लांब होता.

पुढचे सात महिने आम्ही जे केलं, त्याचा गाभा या एका क्षणात होता. तिला उचललेल्या हाताचा अर्थ ठाऊक होता. तो अर्थ आम्हाला बदलायचा होता, आणि तोही फक्त माझ्या हातापुरता नव्हे.

मराठीत घोड्याच्या भीतीसाठी शब्द भरपूर आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. घोडा आधी कान टवकारतो, मग बिचकतो, मग बुजतो आणि शेवटी उधळतो. ही उतरंड आहे. बहुतेकांना घोडा उधळलेला तेवढा दिसतो, आणि मग ‘काही कारण नसताना उधळला’ असं सांगितलं जातं. त्याआधीच्या तीन पायऱ्या त्याने आपल्यासमोरच उतरलेल्या असतात. बुजऱ्या तट्टाबरोबर काम करणाऱ्याचं पहिलं शिक्षण म्हणजे या वरच्या पायऱ्या ओळखणं. नाकपुडीची कड ताठ होते, खालचा ओठ आवळला जातो, डोळ्यांची उघडझाप थांबते, मान दगडासारखी होते. तिथेच आपण थांबलो तर उधळण्याची वेळ येत नाही.

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण आपण लाथेच्या भीतीने म्हणतो. तिच्यामागे घोड्याच्या डोळ्याची रचना आहे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक, आणि तो डोक्याच्या बाजूला बसवलेला. त्यामुळे घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. आंधळ्या जागा दोनच उरतात: थेट शेपटीमागे आणि कपाळाच्या अगदी पुढ्यात. प्रेमाने कपाळावर हात ठेवायला जाणारा माणूस नेमका त्या पुढच्या आंधळ्या जागेतून येतो, आणि जवळ आलेला हात एकदम दिसेनासा होतो. कान मात्र दोन्ही स्वतंत्र फिरतात. घोड्याचं लक्ष कुठे आहे हे पाहायचं तर कान पाहावेत. एक कान समोरच्या चाऱ्याकडे आणि दुसरा मागे आपल्याकडे असू शकतो. या कानांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पहिले पाच आठवडे शिकवणं काही नव्हतंच. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाई इथेच होते. बुजरेपणाच्या मुळाशी पुष्कळदा दुखणं असतं. दाढांच्या कडा वाढून गालात रुततात, खोगिराखालचं गळू आतून ओलं असतं, खूर वाढून टाच चुकीची टेकत असते. अशा जनावराला धीट व्हायला शिकवणं म्हणजे दुखऱ्या जागेवर हात दाबून ‘घाबरू नकोस’ म्हणणं. आमच्या पशुवैद्यांनी आधी दाढांना कानस लावली, धनुर्वाताची लस दिली (घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो) आणि मग तिच्या फासळ्यांवरून बोटं फिरवली. घोड्याची अंगकाठी मोजायची १ ते ९ अशी एक पट्टी १९८३ मध्ये अमेरिकेत हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिच्यावर ती २ वर होती.

असं हाडकलेलं जनावर पाहिलं, की आपला हात चंदीच्या पोत्याकडे जातो. हा हात आवरावा लागतो. उपासमारीतून आलेल्या घोड्याला एकदम भरड-हरभऱ्यासारखा पिष्टमय खुराक दिला, तर इन्शुलिन उसळतं. रक्तातलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडू शकतो. घोडा भुकेने मेला नाही तो खाण्याने मरतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात अशा घोड्यांवर काम झालं, त्यातून लसूणघासाचा मार्ग पुढे आला: सुरुवातीला थोडा-थोडा, दर चार तासांनी, आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा. आम्ही तसंच केलं. रात्री दोनचा घास मीच नेऊन टाकायचे. टाकायचे आणि निघून यायचे. ती मला फक्त पाठमोरी पाहत होती, आणि त्याचा उपयोग पुढे झाला.

आमच्या तबेल्यात एक मामा आहेत. त्यांची उभी हयात घोड्यांत गेली. मी कुंपणाशी उभी राहून तिला चुचकारत होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, बघू नका तिच्याकडं. पाठ करा आन् श्वास सोडा.” मी पाठ केली. “श्वास सोडा म्हनलं,” ते पुन्हा म्हणाले. मला कळलंच नव्हतं, की मी तो धरून ठेवला होता. तिला कळलं होतं.

घोड्यांना हे कळतं याचा सर्वांत गाजलेला पुरावा शंभर वर्षांपूर्वीच्या बर्लिनचा आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं खूर आपटून देत असे. लबाडी सापडेना. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेचा, भुवयांचा ताण नकळत किंचित सैल पडे, आणि हान्स तेवढं पाहून थांबे. पुस्तकांत ही गोष्ट बहुधा ‘घोड्याला गणित येत नव्हतं’ म्हणून सांगतात. मला तीत त्याहून थोर काही दिसतं. फॉन ओस्टेनला स्वतःला जे माहीत नव्हतं, ते त्याच्या घोड्याला दिसत होतं. बुजरी तट्टाणी तर हान्सपेक्षा जास्त जागी असते. तिच्यासमोर शांत असल्याचा आव आणता येत नाही. खरोखरच शांत व्हावं लागतं, आणि ज्या दिवशी ते जमत नाही त्या दिवशी चारा टाकून परत यावं.

आता शिकवण्याकडे. आपल्याकडची एक जुनी रीत अशी, की घोड्याला अगाडी-पिछाडीच्या दोरांनी जखडायचं आणि तो ज्याला भितो ती वस्तू, म्हणजे पोतं, छत्री किंवा कापड, त्याच्या अंगावर झटकत राहायचं. आधी तो झुंजतो, मग थकतो, मग हलायचा थांबतो. ‘झाला सरळ,’ असं म्हणतात. ही रीत जगभर आहे आणि ती वापरणारे सगळे क्रूर असतात असं मला वाटत नाही. पण हलणं थांबणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहीही केलं तरी सुटका नाही हे ज्या प्राण्याला पटलं, तो प्रयत्नच सोडतो. बाहेरून हे शांतपणासारखं दिसतं. असं तट्टू विकलं जातं, आणि तीन महिन्यांनी नव्या घरी कुठल्याशा पिशवीच्या आवाजावर एखाद्या मुलाला पाडून उधळतं. झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर लिहिताना बजावलं होतं, की घोडा एखाद्या वस्तूला भीत असेल तर ती भिण्यासारखी नाही हे त्याला शिकवावं आणि रागाच्या भरात त्याच्याशी कधी वागू नये, कारण मारामुळे भीती वाढतेच. तेवीसशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं आहे.

दुसरी रीत हळू आहे. तिचं सूत्र एवढंच, की भीती जिथे सुरू होते त्याच्या एक पाऊल अलीकडे काम करायचं, आणि घोड्याने निघून जाण्याआधी आपण निघून जायचं. कुंपणाबाहेर मी दहा पावलांवर उभी राहिले आणि तिचे कान टवकारले, तर मी बारा पावलांवर जाई. ती चरू लागली की एक पाऊल पुढे, थोडं थांबून दोन पावलं मागे. माझं मागे जाणं हेच तिचं बक्षीस. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याच्या क्षणी शिकतो. लगाम ओढल्याने तो थांबत नाही. थांबताच लगाम सैल पडला, म्हणून पुढल्या वेळी तो थांबतो. सोडण्याची वेळ चुकली की शिकवणही चुकते. ती बुजून मागे फिरली आणि त्याच क्षणी मी लांब गेले, तर मी तिला बुजायलाच शिकवलेलं असतं.

दाब सोडण्याबरोबर आम्ही बक्षीसही दिलं. गाजराचा नखाएवढा तुकडा, आणि त्याआधी जिभेने एक टक्. हा आवाज महत्त्वाचा. घोडा कृती आणि तिचं फळ यांची सांगड एक-दोन सेकंदांतच घालतो. खिशातून गाजर काढेपर्यंत ती वेळ टळते, पण ‘टक्’ नेमक्या क्षणी करता येतो. तट्टाला गुळाची ढेप देणारे प्रेमळ लोक मला माहीत आहेत. त्यांना माझं सांगणं, की तट्टांना गोड आणि पिष्टमय खाण्यामुळे खुरांच्या आतला भाग सुजण्याचा आजार लवकर होतो आणि तो फार यातनेचा असतो. गाजर पुरे.

आठव्या आठवड्यात तिने स्वतःहून माझ्या हाताला नाक लावलं. तेव्हा थोपटण्याचा मोह होतो. थोपटणं माणसाला आवडतं. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, दातांनी खाजवतात, आणि बहुधा आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी. फ्रान्समध्ये क्लॉडिया फे आणि जान द माझिएर यांनी १९९३ मध्ये नेमकी ती जागा हाताने खाजवून पाहिली, तेव्हा घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही. आम्ही स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावून मोजायचो. विसाव्यातल्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, तट्टांचे जरा जास्त. तिचे पहिल्यांदा मोजले तेव्हा नुसती उभी असताना ७२ होते. त्या जागी बोटांनी खाजवत राहिल्यावर हळूहळू ५४ झाले आणि वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला. मामा म्हणाले, “आता ही बोलाय लागली.”

मग तो हात. कमरेपासून चार बोटं वर, लगेच खाली, टक्, गाजर. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्याहून जास्त नाही. कान मऊ राहिले तर दुसऱ्या दिवशी सहा बोटं. छातीपर्यंत यायला नऊ दिवस लागले. खांद्यापर्यंत आल्यावर मी घाई केली. पाहुणे आले होते, त्यांना दाखवायचं होतं. मी सरळ डोक्यावर हात नेला आणि ती कुंपणावर आदळली. माझ्या हौसेपायी पुन्हा कमरेपासून सुरुवात करावी लागली, आणि गमावलेलं मिळवायला बारा दिवस गेले. हे तिचं अपयश म्हणून कुठल्याही वहीत लिहायचं नसतं.

पुढे दोन्ही बाजूंनी तेच केलं. घोड्याच्या मेंदूचे दोन अर्धे भाग एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून डावीकडून शिकवलेलं उजवीकडे कळत नाही, असं तबेल्यांत सर्रास म्हणतात. एव्हलिन हँगी यांच्या १९९९ च्या प्रयोगांत एका डोळ्याने शिकलेलं घोड्यांनी दुसऱ्या डोळ्याने ओळखलं. तरीही दोन्हीकडून शिकवावं, कारण तीच वस्तू दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते आणि बुजऱ्या जिवाला वेगळं म्हणजे नवं. ढोल-ताशाचंही असंच केलं. आवाज आधी शेताच्या दुसऱ्या टोकाला, मोबाइलवर, कुजबुजीएवढा, आणि समोर लसूणघास. वरातीचा ढोल तिच्यासाठी काय होता हे आठवून मला त्या दिवसांत स्वतःलाच तो ऐकवेनासा झाला होता.

पाचव्या महिन्यात ती माझ्यामागे मोरकीशिवाय चालू लागली. येणारे-जाणारे म्हणू लागले, “ती फक्त ताईंचंच ऐकते.” मला ते फार गोड वाटलं. आणि एका संध्याकाळी, मी गावाला गेलेली असताना, शेजारचा मुलगा तिला पाणी पाजायला आत गेला आणि ती भिंतीला चिकटून थरथरत उभी राहिली. मामांनी फोनवर सांगितलं तेव्हा माझी चूक मला दिसली. जनावर सोडवणाऱ्यांच्या हातून होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती प्रेमाच्या रूपात येते म्हणून ओळखू येत नाही. तिचा विश्वास एका माणसाशी बांधला, तर तो माणूस गेल्यावर तिच्याकडे काही उरत नाही. मी तिचं आश्रयस्थान झाले होते. तिला हवं होतं ते असं शिकणं, जे कुठल्याही समंजस माणसाच्या हातात चालेल.

म्हणून पुढचे दोन महिने माणसं बदलली. बायका, पुरुष, टोपीवाले, पागोटेवाले, काठी टेकत चालणारे आजोबा. प्रत्येकाला तेच शिकवलं: बाजूने या, खांद्याकडे या, श्वास सोडा, तिने मान वळवली तर थांबा, टक् करा. खुणा सर्वांच्या सारख्या. याला आधार आहे. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात कॅरोल सांके आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की खाऊच्या बक्षिसाने शिकवलेले तरुण घोडे काही महिन्यांनीही धडा विसरले नव्हते, आणि त्यांचा चांगला अनुभव अनोळखी माणसांपर्यंतही पोचला होता. भीतीने शिकलेलं जसं सगळ्या हातांना लागू होतं, तसं हेही होतं. फक्त ते बऱ्याच हातांनी करावं लागतं.

तिच्यासाठी घर शोधणं ही त्यानंतरची, आणि खरं तर अधिक कठीण गोष्ट. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा एका वर्षात त्या बंद करायला आणि घोड्यांच्या व चालकांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सांगितलं. गाडी एका दिवसात थांबते. घोडा मात्र पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, आणि रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा त्याला लागतो. फुकट दिलेलं तट्टू कुठे जातं हे मी पाहिलं आहे. मधल्या माणसाच्या हातून ते पुन्हा वरातीत किंवा वीटभट्टीवर उभं असतं. म्हणून आम्ही देताना कागद करतो. विकायचं नाही, जुंपायचं नाही, जमलं नाही तर आमच्याकडेच परत आणायचं, आणि आधी सहा आठवडे अजमावायचं. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा आजार असल्यामुळे रक्ताची तपासणी झाल्याशिवाय जनावर हलवू नये. हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ती होते.

तिच्या वाटेत एक अडथळा होता ज्याचा स्वभावाशी काही संबंध नव्हता. तिच्या गालाखाली एक भोवरा होता, आणि तो पाहून दोन चांगली घरं मागे फिरली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात देखणा घोडासुद्धा अशा केसांच्या वळणावर पडून राहतो. शुभ-अशुभ भोवऱ्यांची ही विद्या आपल्या शालिहोत्राच्या परंपरेतून आलेली आहे, आणि त्या परंपरेत घोड्याच्या आहाराबद्दल आणि आजारांबद्दलचं बारीक निरीक्षणही आहे. मला वाईट वाटतं ते याचं, की निरीक्षण विसरलं गेलं आणि भोवरा उरला. प्रत्येक घोड्याचे भोवरे वेगळे असतात. बाहेरदेशांत घोड्याच्या ओळखपत्रावर ते खुणेसारखे काढून ठेवतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. तिच्या कागदावर मीही तो काढला.

तिसरं घर बारामतीकडचं. तिथे आधीच एक म्हातारी घोडी होती, आणि माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं प्रमाणपत्र. घोडा कळपाचा प्राणी आहे. दुसरं कुणी पहाऱ्यावर असेल तर तो निर्धास्तपणे आडवा होऊन गाढ झोपतो. घरच्या बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, “तिला काय आवडत नाही?” याआधी आलेल्या प्रत्येकाने विचारलं होतं ते, कुणाला पाठीवर घेते का. मी त्यांना पाचदा बोलावलं. प्रत्येक वेळी मी कुंपणाबाहेर आणि त्या आत. टेम्पोत चढण्याचा सराव आम्ही महिनाभर केला. घोड्याचे डोळे उजेडातून अंधाराला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात, म्हणून टेम्पो फळकुटाची बाजू उन्हाकडे करून लावायचा आणि आत दिवा ठेवायचा. निघायच्या दिवशी ती मामांच्या मागे चढली. मी बाजूला उभी होते.

चार महिन्यांनी मी तिकडे गेले. संध्याकाळची चंदी कालवायची वेळ होती. बाई पडवीत बादलीत हात घालून कालवत होत्या. मी फाटकाशी उभी राहून जिभेने टक् केलं. तिने मान वर केली. उजवा कान माझ्याकडे वळला. डावा पडवीकडेच राहिला. तेवढ्यात बाईंनी डोळ्यांवर आलेलं ऊन अडवायला ओला हात कपाळाशी नेला आणि मला हाक मारली, “या की ताई, आत या.” ती हलली नाही. मग उजवा कानही हळूच तिकडे फिरला.